संगणकाचें बिनतारी यंत्र : एका कुलपाची हकीकत



'बिनतारी' हा शब्द माझ्या पिढीच्या कानांस जुना आहे. माझ्या लहानपणीं आमच्या घरीं फळीवर रेडिओचा जो संच होता, त्याच्यासाठीं वडील दरसाल पोस्टांत जाऊन परवान्याचे पैसे भरीत आणि तें परवान्याचें पुस्तक पेटींत जपून ठेवीत. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें. त्यानंतर कित्येक वर्षें ही परवान्याची रीत आपल्याकडे चालू होती. पुढें ती बंद झाली. सरकारास पैसे द्यावे लागत हें खरें. पण एकदां संच घरीं आला कीं तो सर्वस्वी आपला असे. त्याची पाठ उघडली म्हणजे आंत कोणता व्हॉल्व्ह कोठें बसतो त्याचा नकाशा चिकटविलेला आढळे. तालुक्याच्या गांवचा रेडिओ दुरुस्त करणारा तो नकाशा पाही, एक व्हॉल्व्ह काढी, दुसरा बसवी, आणि संच पुन्हां बोलूं लागे. विकत घेणाऱ्यास आपल्या यंत्राच्या अंतरंगाची माहिती असूं नये, असें त्या काळीं आमच्या मनांतहि येत नसे.

आज मी ज्या बिनतारी यंत्राविषयीं बोलणार आहें, तें नखाएवढें आहे व तें संगणकाच्या पोटांत असतें. त्याची पाठ उघडून कांहींच दिसत नाहीं. तें उघडण्यासाठीं जगांतील कांहीं चिकाट्या माणसांनीं जो झगडा केला, त्याची हकीकत सांगण्याचा माझा विचार आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक शाळामास्तर. तेव्हां जें समजलें तेवढेंच, साध्या शब्दांत सांगेन.

या विषयाशीं माझी गांठ कशी पडली, तें आधीं सांगतों. नोकरींतून निवृत्त झाल्यावर मी आमच्या गांवच्या वाचनालयाचें काम पाहतों. २०२४ सालच्या पावसाळ्यांत एका कचेरीनें काढून टाकलेले, एकाच बनावटीचे सहा जुने लॅपटॉप वाचनालयास देणगीदाखल मिळाले. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास संगणकाच्या कामांत आहे. तो सुटीवर गांवीं आला असतां मीं त्यास म्हटलें, "अरे, हे संच मुलांच्या उपयोगीं पडतील असें कांहींतरी कर." त्यानें दोन दिवस खपून सहाहि संचांवर ट्रिस्क्वेल नांवाची मुक्त प्रणाली बसविली. पडदा उजळला, कळा चालल्या, अक्षरें उमटलीं. परंतु शेजारच्या ग्रामपंचायतीच्या राऊटरशीं एकहि संच बोलेना.

"बिघडलेले आहेत कां रे?" मीं विचारलें.

"नाहीं गुरुजी, यंत्रें धडधाकट आहेत," तो म्हणाला. "पण त्यांना रोज उठल्याबरोबर एक चिठ्ठी वाचून दाखवावी लागते. ती चिठ्ठी कारखानदार कोणासहि समजूं देत नाहीं, म्हणून या प्रणालींत तिला जागा नाहीं."

ही चिठ्ठी म्हणजे काय? संगणकांत डोळ्यांस दिसणारें यंत्र असतें, तशी त्यास कामास लावणारी आज्ञावली असते. निरनिराळ्या उपांगांना चालविणारी जी आज्ञावली मुख्य प्रणालींत राहते, तीस ड्रायव्हर म्हणतात. आपण तीस सारथी म्हणूं. परंतु बिनतारी यंत्र हें स्वतःच एक लहानसा संगणक असतें. लहरी केव्हां सोडाव्या, दुसरा कोणी बोलत असतां किती थांबावें, हें तें पापणी लवण्याच्या आंत ठरवितें. त्या लहान संगणकासाठीं जी निराळी आज्ञावली लागते, तिचें नांव फर्मवेअर. पूर्वीं पुष्कळ यंत्रांत ती कायमची भरून दिलेली असे. पुढें कारखानदारांनीं खर्च वांचविण्याकरितां ती साठवून ठेवणारी चिप गाळली, आणि संगणक सुरू होतांच सारथ्यानें ती बाहेरून आणून यंत्रास द्यावी अशी व्यवस्था केली. वीज गेली कीं यंत्र सारें विसरतें. म्हणून माझ्या विद्यार्थ्यानें तिला रोजची चिठ्ठी म्हटलें.

ही चिठ्ठी शून्य आणि एक यांच्या रांगांनीं भरलेली असते. ज्या मूळ मजकुरावरून ती तयार झाली, तो मजकूर कारखानदार आपल्याजवळ ठेवितो. आमच्या पणजोबांच्या काळीं सावकाराचे कागद मोडींत असत. कुळास ते वाचतां येत नसत, तरी खालीं अंगठा उठवावा लागे. प्रत्येक कागदांत लबाडी असेच असें नाहीं. सचोटीचे सावकारहि होते. परंतु कागदांत काय लिहिलें आहे तें स्वतः पाहण्याचा मार्गच नसणें, ही त्या कुळाची खरी अडचण होती. संगणकाच्या बाबतींत हीच अडचण दूर करावी म्हणून जी चळवळ उभी राहिली, तिचें नांव मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ.

तिचा उगमहि एका मुक्या यंत्रापाशींच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीनें एक लेसर छपाईयंत्र भेट दिलें. त्यांत कागद वारंवार अडकत असे. तेथें काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनीं जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत अशी सुधारणा केली होती कीं, अडचण झाली कीं तिची खबर थेट माणसांच्या पडद्यावर यावी. नव्या यंत्रांतहि तेंच करावें म्हणून त्यांनीं मूळ मजकुराची चौकशी केली. तो ज्यांच्याजवळ होता, त्यांनीं गुप्ततेचें वचन दिलें असल्यामुळें तो देण्याचें नाकारलें. हा नकार स्टॉलमन यांच्या मनास लागून राहिला. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं 'ग्नू' या मुक्त प्रणालीची घोषणा केली आणि १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापिली. आज्ञावली वाटेल त्या कामासाठीं चालवावी, तिचा अभ्यास करून ती बदलावी, तिच्या प्रती दुसऱ्यास द्याव्या आणि सुधारलेल्या प्रतीहि द्याव्या, अशीं चार स्वातंत्र्यें त्यांनीं मुक्ततेचीं लक्षणें म्हणून सांगितलीं. इंग्रजींत 'फ्री' या एकाच शब्दाचे फुकट व मुक्त असे दोनहि अर्थ होतात, म्हणून स्टॉलमन यांना जन्मभर खुलासा करीत बसावें लागलें. आपल्या मराठींत हे दोन शब्द मुळांतच निराळे आहेत. आपणांस तो खुलासा नको.

१९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें 'लिनक्स' हा प्रणालीचा गाभा लिहिला व पुढें तो ग्नूच्याच परवान्याखालीं सर्वांस खुला केला. गाभा आणि बाकीची प्रणाली एकत्र आलीं, आणि सर्वस्वी वाचतां येईल असा संगणक प्रथमच सामान्य माणसाच्या आटोक्यांत आला.

इकडे बिनतारीचा प्रवाह निराळ्याच वाटेनें वाहत होता. १९८५ सालीं अमेरिकेच्या दळणवळण आयोगानें कांहीं लहरींचे पट्टे परवान्याशिवाय वापरण्यास मोकळे केले. १९९७ सालीं संगणकांनीं आपसांत बिनतारी बोलावें कसें याचे नियम '८०२.११' या नांवानें ठरले. त्यांचा वेग सेकंदाला २० लक्ष बिट. दोनच वर्षांनीं तो १ कोटी १० लक्षांवर गेला, व त्याच वर्षीं, म्हणजे १९९९ सालीं, 'वायफाय' हें नांव रूढ होऊं लागलें. आपल्या देशांत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्यांतून मोकळा करणारे नियम जानेवारी २००५ मध्यें निघाले. वडिलांच्या पेटींतलें परवान्याचें पुस्तक मला या ठिकाणीं आठवतें. सरकारनें आपलें कुलूप काढलें, तोंच कारखानदारानें आपलें लावलें होतें.

कारखानदारांचें म्हणणें असें कीं, आमच्या चिपांचीं रहस्यें उघड झालीं तर प्रतिस्पर्धी तीं उचलतील. शिवाय लहरींची शक्ति व वाहिन्या यांवर सरकारी नियम आहेत, आणि आज्ञावली खुली केली तर कोणीहि ते नियम मोडील. या दुसऱ्या मुद्द्यांत तथ्य नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. परंतु नियम मोडणाऱ्यास शासन करणें निराळें आणि प्रत्येक मालकाच्या घराला बाहेरून कडी घालणें निराळें. अमेरिकेंत हा वाद २०१५ सालीं बराच पेटला होता. राऊटरवर बाहेरची आज्ञावली बसविण्यास बंदी होणार अशी भीति उत्पन्न झाली. तेव्हां आयोगानें तसा आपला हेतु नसल्याचा खुलासा केला, आणि २०१६ सालीं नियमभंगाच्या एका प्रकरणांत टीपी-लिंक या कंपनीशीं तडजोड करतांना, बाहेरची आज्ञावली चालूं देण्याची अट घातली.

आतां कुलूप काढण्याचे जे मार्ग लोकांनीं शोधिले, ते पाहूं. पहिला मार्ग उसनवारीचा. विंडोजसाठीं लिहिलेला बंद सारथीच लिनक्सच्या रथावर बसवावयाचा, अशी युक्ति २००३ च्या सुमारास निघाली. काम भागे, पण रथ आपला आणि लगाम दुसऱ्याच्या हातीं, अशी ती गत होती.

दुसरा मार्ग आर्जवाचा व प्रसंगीं भांडणाचा. ओपनबीएसडी या प्रणालीचे प्रमुख थिओ द राट यांनीं आपल्या वापरकर्त्यांना हांक दिली कीं, कंपन्यांना पत्रें लिहा, माहिती मागा, निदान फर्मवेअर वांटण्याची परवानगी तरी मागा. कांहीं कंपन्यांनीं ऐकलें, कांहींनीं ऐकलें नाहीं. या खटपटीबद्दल २००४ सालचें फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचें पारितोषिक त्यांना मिळालें.

तिसरा मार्ग सर्वांत कष्टाचा. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपा घरोघर पोंचल्या होत्या. पण त्यांची माहिती मिळत नव्हती. तेव्हां कांहीं स्वयंसेवकांनीं कामाचे दोन वांटे केले. एका गटानें कंपनीचा बंद सारथी उलगडून, यंत्र काय मागतें व काय देतें याचें वर्णन तेवढें लिहून काढलें. दुसऱ्या गटानें त्या बंद सारथ्याकडे ढुंकूनहि न पाहतां, केवळ त्या वर्णनावरून नवा सारथी लिहिला. नक्कल केल्याचा आरोप येऊं नये म्हणून हें सोंवळें पाळावें लागलें. जून २००६ मध्यें तो सारथी लिनक्सच्या गाभ्यांत समाविष्ट झाला. तरीहि फर्मवेअरची चिठ्ठी बंदच राहिली; ती कंपनीच्या सारथ्यांतून कापून काढण्यासाठीं एक निराळें साधन करावें लागलें. पुढें इटलींतील ब्रेशिया विद्यापीठांत कांहीं जुन्या ब्रॉडकॉम चिपांसाठीं चिठ्ठीहि नव्यानें लिहिली गेली. एका कारखान्यांतील गुपित उलगडण्यास दुसऱ्या खंडांतील विद्यापीठाला झिजावें लागलें!

अथेरॉस कंपनीची गोष्ट याहून आशादायक आहे. तिच्या अनेक चिपांना बाहेरची चिठ्ठी लागत नसे, परंतु सारथ्याचा एक भाग बंद होता. ओपनबीएसडीच्या मंडळींनीं तो स्वतः उलगडून लिहिला. तो निर्दोष आहे कीं नाहीं याबद्दल शंका निघाल्या, तेव्हां कायदेपंडितांच्या एका संस्थेकडून तो तपासून घ्यावा लागला. मग २००८ सालीं कंपनीचेंच मन पालटलें. तिनें नव्या चिपांसाठीं खुला सारथी दिला व जुन्या चिपांचा बंद भागहि उघड केला. यूएसबीच्या खांचेंत बसणाऱ्या तिच्या कांहीं चिपांना मात्र चिठ्ठी लागत असे; २०१३ सालीं तिचाहि मूळ मजकूर मुक्त परवान्याखालीं प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं अशा एका यूएसबी यंत्रास फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननें 'आपल्या स्वातंत्र्याचा मान राखणारें यंत्र' अशा अर्थाचें प्रशस्तिपत्र दिलें.

हें सर्व होत असतां खुद्द लिनक्सच्या गाभ्यांतच या बंद चिठ्ठ्या शिरलेल्या होत्या. त्या निवडून बाहेर काढण्याचें काम २००८ पासून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची लॅटिन अमेरिकेंतील भगिनीसंस्था करीत आली आहे. तांदूळ निवडावे तसा प्रत्येक नवा गाभा निवडावा लागतो. त्या निवडलेल्या गाभ्याचें नांव 'लिनक्स-लिब्र'. स्पेनमधील गॅलिशिया प्रांतांत जन्मलेली ट्रिस्क्वेल प्रणाली हाच गाभा वापरते. म्हणूनच आमचे सहाहि संच गप्प राहिले. गाभ्याच्या नोंदवहींत मुक्त फर्मवेअर सांपडलें नाहीं अशी सरळ कबुली लिहिलेली होती.

येथें एक आक्षेप घेतला जातो, आणि तो मला विचार करण्यासारखा वाटतो. जी चिठ्ठी यंत्रांतच कायमची भरलेली आहे, तिला हीं मंडळी यंत्राचाच भाग समजून चालवून घेतात. तीच चिठ्ठी बाहेरून द्यावयाची असली कीं नाकारतात. दोन्ही ठिकाणीं मालक तितकाच अंधारांत. मग हा भेद कशासाठीं? त्यांचें उत्तर असें कीं, जें कारखानदारासहि बदलतां येत नाहीं, तें लोखंडी खिळ्यासारखें आहे. पण जें त्याला बदलतां येतें आणि आपणांस येत नाहीं, तेथें तो आपला धनी होतो. हें उत्तर मला अर्धेंच पटतें. पण प्रश्न विचारणारे कोणीतरी आहेत, हेंच थोडें नव्हे.

डेबियन या मोठ्या प्रणालीचा अनुभव पाहा. आपली प्रणाली संपूर्ण मुक्त राहील असें वचन तिच्या मंडळींनीं १९९७ सालीं जाहीर सामाजिक कराराच्या रूपानें दिलें. फेब्रुवारी २०११ मध्यें निघालेल्या आवृत्तींत त्यांनीं गाभा बंद चिठ्ठ्यांपासून स्वच्छ केला. परंतु नवा लॅपटॉप घेतलेला माणूस प्रणाली बसवूं लागे, आणि जाळेंच जोडलें जात नाहीं म्हणून हात टेकी. कांहीं संचांच्या ध्वनियंत्रालाहि अशी चिठ्ठी लागते; तेथें, ज्यांना दिसत नाहीं व जे संगणकाचें बोलणें ऐकूनच काम करितात, त्यांना प्रणाली बसविणेंच अशक्य होई. अखेर ऑक्टोबर २०२२ मध्यें सभासदांनीं मतदान करून करार बदलला, आणि जून २०२३ च्या आवृत्तीपासून बसविण्याच्या साधनांतच बंद फर्मवेअर देण्यास सुरुवात झाली. कोणी याला शहाणपण म्हणालें, कोणी माघार.

मीं दोहोंपैकीं काय म्हणावें? माझ्या वांट्यास हा प्रश्न एका रविवारीं आला. गांवांतील एका मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस. वडिलांच्या फोनवर तो अर्ज पुरा होईना. ग्रामपंचायतीची कचेरी बंद. तिच्या राऊटरच्या लहरी तेवढ्या भिंतीपलीकडून येत होत्या. मुक्त चिठ्ठीचीं यूएसबी यंत्रें मागवावयाचीं तर आठवडा लागणार होता. माझा विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, माझ्याजवळ डेबियन आहे. एका संचावर ती बंद चिठ्ठीसह बसवितों. तुम्ही सांगाल तसें."

मीं होय म्हटलें. सायंकाळपर्यंत अर्ज गेला. मीं वाचनालयाच्या नोंदवहींत त्या संचापुढें लिहिलें: 'यांत एक बंद तुकडा आहे. निकडीमुळें घातला.' त्या मुलीचें वर्ष पणास लावून माझें तत्त्व पाळण्याचा मला अधिकार नव्हता, असें मला तेव्हां वाटलें व आजहि वाटतें. पण तें केल्याची नोंद न ठेवण्याचाहि अधिकार मला नव्हता.

मग उरलेल्या पांच संचांसाठीं पांच यूएसबी यंत्रें मागविलीं. त्यांतहि एक धडा मिळाला. पांचहि खोक्यांवर नांव एकच, आंकडा एकच. तरी चार चालूं लागलीं आणि पांचवें चालेना. यूएसबीच्या खांचेंत काय आहे तें सांगणारी आज्ञा देऊन पाहिलें, तों चारांत अथेरॉसची एआर ९२७१ ही चिप निघाली आणि पांचव्यांत भलतीच. कारखानदारानें मधल्या काळांत चिप बदलली होती व खोकें तेंच ठेविलें होतें. दुकानदारास त्याची दादहि नव्हती. तेव्हांपासून घेण्यापूर्वीं चिपेचें नांव व आवृत्तीचा आंकडा लेखी मागावा, असा आमचा नियम झाला. आपणांसहि तो उपयोगीं पडेल. उरलेला एक संच खिडकींतून तार ओढून जोडला आहे. म्हणजे आज चार संच मुक्त, एक तारेवर, आणि एक नोंदवहींतल्या त्या ओळीसह.

या गोष्टीचा शेवट गोड आहे असें मी म्हणूं शकत नाहीं. जीं यंत्रें मुक्त झालीं, तीं जुन्या पिढीचीं. एआर ९२७१ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलते आणि तिचा वेग फार तर सेकंदाला १५ कोटी बिट. २०१३ अखेर जे नवे नियम मंजूर झाले, त्या पिढीपासून पुढचीं बाजारांत सामान्यतः मिळणारीं यंत्रें बंद चिठ्ठीवांचून उठत नाहींत. उलगडणारे लोक एक कुलूप काढतात, तोंवर तीन नवीं लागतात. चारी मुक्त संच झिजून गेले कीं त्यांच्या जागीं काय आणावें, याचें उत्तर आज माझ्याजवळ नाहीं.

तरी मला एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्या चार संचांपैकीं एकावर नववींतील एक मुलगा परवां बसला होता. सारथ्याचा मूळ मजकूर त्यानें पडद्यावर उघडला होता. त्यांतील फार थोडें त्याला कळत होतें, आणि मला तर कांहींच नाहीं. पण एके ठिकाणीं बोट ठेवून तो म्हणाला, "गुरुजी, येथें वाहिन्यांची यादी लिहिलेली आहे." वडिलांच्या रेडिओच्या पाठीमागें चिकटविलेला तो व्हॉल्व्हांचा नकाशा मला पुन्हां दिसला. पांचव्या संचाजवळ बसून त्या मुलाला हें वाक्य म्हणतां आलें नसतें.